श्रवण गटाचं खातं आणि कलम नऊ

११ ऑगस्ट

आज सकाळी कॉलेजातल्या अकराशे लोकांना ईमेल आला: प्राचार्यांच्या निवृत्तीनिमित्त निरोप समारंभ, अल्पोपाहारासह. प्राचार्यांना निवृत्त व्हायला अजून सहा वर्षं आहेत. साडेदहापर्यंत तीन जण पुष्पगुच्छ घेऊन त्यांच्या केबिनबाहेर उभे होते. पहिला नंबर उपप्राचार्यांचा. आमचा शिपाई दत्तू म्हणतो, त्यांच्या तोंडावरचा आनंद अगदी आतून आलेला होता.

ईमेल गेला सांस्कृतिक मंडळाच्या खात्यावरून. कॉलेजच्या सर्व्हरवर प्रत्येक विद्यार्थी मंडळाला एकेक खातं दिलेलं आहे. पासवर्ड किती जणांना माहीत आहे, असं मी मंडळाच्या अध्यक्षाला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, कोणाला माहीत नाही ते विचारा, ते सोपं पडेल." पासवर्ड कॅन्टीनच्या फळ्यावर लिहिलेला होता, साबुदाणा वड्याच्या खाली.

प्राचार्यांनी लगेच समिती नेमली. विद्यार्थी मंडळांच्या सामायिक खात्यांची नियमावली समिती. अध्यक्ष छाया गांगुर्डे, म्हणजे मी. सदस्य नाहीत. संगणक केंद्रातही मी एकटीच असल्यामुळे केंद्रप्रमुखपदासाठी चुरस झाली नव्हती, तशी इथेही झाली नाही.

१४ ऑगस्ट

नियमावली तयार. चौदा कलमं. कलम एक: प्रत्येक खात्याला एकच जबाबदार विद्यार्थी. कलम चार: पासवर्ड दुसऱ्या कोणालाही सांगू नये, मंडळातल्यांनाही नाही. कलम सहा: लॉगिन करताना चित्रातली वेडीवाकडी अक्षरं वाचून टाइप करावीत. कलम नऊ माझं लाडकं: १५ सप्टेंबरपर्यंत जबाबदार विद्यार्थ्याच्या नावाचा फॉर्म आला नाही तर खातं बंद, आणि ३० सप्टेंबरला त्यातला सगळा मजकूर आपोआप नष्ट. 'आपोआप' हा शब्द मला फार आवडतो. आपोआप झालेल्या गोष्टीबद्दल कोणी भांडायला येत नाही.

ईमेलला फाइल म्हणून जोडलेल्या त्या निमंत्रणाचाही छडा लावला. ते स्टाफरूममधल्या संगणकावरून गेलं होतं, पावणेदहाला. म्हणजे विद्यार्थी तिथे घुसले असणार, कारण प्राध्यापकांना ईमेलला फाइल जोडता येत नाही. हे पंधरा वर्षांच्या अनुभवाचे बोल. उपप्राचार्यांना तेवढं येतं, मीच शिकवलंय. ते पावणेदहाला तिथे एकटेच बसले होते, पण त्यांनी कोणाला येताना पाहिलं नाही. मुलं फार चपळ झालीत.

दत्तूने नियमावली वाचून विचारलं, "मॅडम, तुमचा पासवर्ड मला माहीत हाय. त्याचं काय करू?" रोज सकाळी माझा संगणक तोच चालू करून ठेवतो. त्याला सांगितलं, तू मंडळ नाहीस.

२१ ऑगस्ट

श्रवण गटाचे दोघे आले. आमच्याकडे सात अंध विद्यार्थी आहेत. बाकीची मुलं त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकं मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करतात आणि त्या फायली गटाच्या खात्यात टाकतात. तेवीस वाचणारे, सात ऐकणारे, एक पासवर्ड. म्हणजे कलम चारचा तीस वेळा भंग.

आलेल्यांपैकी दीपमाला वाचणाऱ्यांची प्रमुख. दुसरा ज्ञानेश, तिसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र, देवळ्याकडचा. त्याला जन्मापासून दिसत नाही. बोलायला मात्र काही कमी नाही.

"मॅडम, पासवर्ड एकालाच ठेवला तर बाकीच्यांनी ऐकायचं कसं?"

"जबाबदार विद्यार्थ्याने लॉगिन करून द्यायचं."

"मी पहाटे पाचला अभ्यासाला बसतो."

"मग त्याने पाचला उठायचं. सवय चांगली आहे."

"मग मलाच करा जबाबदार. हे सगळं मीच चालू केलंय."

त्याला समजावलं की कलम सहाप्रमाणे चित्रातली अक्षरं वाचावी लागतात. ते त्याला जमणार नाही, तेव्हा तो नियमात बसत नाही. यात वैयक्तिक काही नाही.

"ते चित्र कोणी घातलं, मॅडम?"

"मी."

"बरं," म्हणाला आणि हसला. यात हसण्यासारखं काय होतं, कोणास ठाऊक.

शिवाय निम्म्याहून जास्त फायली कोणा सुमनबाईंच्या आवाजात आहेत, असं कळलं. देवळाली कॅम्पात राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. म्हणजे बाहेरची व्यक्ती. कलम पाच, बाहेरच्यांना बंदी. दीपमाला म्हणाली, "त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालंय जुलैत. आता त्या वाचत नाहीत." मी म्हटलं, मग तो प्रश्न मिटलाच. त्यावर दोघंही उठले आणि निघाले. उत्तर बिनतोड असलं की असं होतं.

१६ सप्टेंबर

काल मुदत संपली. आज नऊ खाती बंद केली. पर्यटन मंडळ, वादविवाद मंडळ, योग मंडळ, श्रवण गट वगैरे. सांस्कृतिक मंडळाने फॉर्म वेळेत दिला, त्यामुळे ज्यांच्यामुळे हे सगळं झालं ते नियमात बसले. नियम कसा आंधळा असावा लागतो.

(हे वाक्य परत वाचलं. राहू दे, डायरीच आहे.)

२२ सप्टेंबर

दीपमाला फॉर्म घेऊन आली. जबाबदार प्राध्यापकांची सही मिळवायला तिला दहा दिवस लागले, कारण ते निवडणूक प्रशिक्षणाला गेले होते. सही होती, फोटो होता, शिक्का होता. फॉर्म घेतला, वर 'मिळाला' असा शिक्का आणि तारीख टाकली. उशिरा आलेल्या फॉर्मसाठी मी विलंबाचा अर्ज मागितला, तोही तिने आणलेला होता. मुलगी तयारीची आहे. उगाच खोट काढायला जागाच ठेवली नाही.

"मॅडम, तीस तारखेच्या आत होईल ना?"

"तीसला अजून आठ दिवस आहेत. मला तारखा कळतात."

उद्यापासून रजा. दसऱ्याच्या आधी घराला रंग द्यायचा आहे. खोलीचा रंग 'फिकट अबोली' ठरला. रंगारी त्याला गुलाबी म्हणतो.

१ ऑक्टोबर

कामावर रुजू. काल सगळं आपोआप झालं.

अकरा वाजता दीपमाला आणि ज्ञानेश आले. "मॅडम, आमचं खातं अजून उघडत नाही."

पाहिलं. श्रवण गटाच्या खात्यात सहाशे बारा फायली होत्या. आता एकही नाही.

त्यांना सांगितलं, कलम नऊ. दीपमाला म्हणाली, "पण मी फॉर्म दिला होता ना मॅडम?" आणि मग, माझ्या तोंडाकडे बघून, "दिला होता ना? बावीसला? की मी दिलाच नाही?"

मी म्हटलं, शोधते.

रेकॉर्डिंगच्या प्रती कोणाकडेच नाहीत. फोनमध्ये जागा पुरत नाही म्हणून खात्यात टाकलं की मुलं ती काढून टाकतात. परीक्षा पाच आठवड्यांवर. ज्ञानेश दाराबाहेर जाऊन आईशी फोनवर बोलत होता. "काय नई व माय, बठ्ठं बरं शे." म्हणजे सगळं ठीक आहे. दोनदा म्हणाला.

दुपारी ड्रॉवर उघडला. फॉर्म वरच होता. खाली रंगाच्या छटांचं कार्ड. रजेवर जायच्या गडबडीत वरच्या ट्रेऐवजी ड्रॉवरमध्ये टाकला होता. 'मिळाला, २२ सप्टेंबर', माझाच शिक्का, किंचित तिरका.

फॉर्म पर्समध्ये घालून घरी आणला आहे. ऑफिसात महत्त्वाची कागदपत्रं उघड्यावर ठेवणं बरं नाही.

४ ऑक्टोबर

आज सुमनबाई आल्या. पांढरी साडी, गळ्याभोवती रुमाल, सोबत दीपमाला. खुर्चीवर बसल्या आणि दोन पानं माझ्यापुढे ठेवली. वर लिहिलं होतं: 'मला ओरडता येत नाही, म्हणून लिहून आणलं आहे. कृपया मोठ्याने वाचा, म्हणजे तुम्ही पूर्ण वाचलंत हे मला कळेल.'

असली मागणी मी कोणाची मान्य केली नसती. पण दत्तू चहा घेऊन आत आला, दारात अजून दोन मुलं येऊन थांबली, आणि सुमनबाई शाळेत फळ्याकडे बोट करतात तसं बोट करून थांबल्या. वाचायला लागले.

'मी अडतीस वर्षं शाळेत शिकवलं. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी मे महिन्यात सांगितलं. म्हणून जूनमध्ये मी रोज चार तास वाचलं. अर्थशास्त्राची तीन पुस्तकं, इतिहासाची दोन. जेवढा आवाज शिल्लक होता तो त्या खात्यात ठेवून मी ऑपरेशनला गेले. तिथे तो मुलांच्या कामाला येत होता. माझ्या घरी कोणी माझ्या आवाजाची आठवण काढली तर मी सांगत असे, कॉलेजात आहे, सुखरूप आहे.'

इथे मी एक ओळ दोनदा वाचली. पंख्यावर धूळ फार साचली आहे, दत्तूला सांगायला हवं.

शेवटी लिहिलं होतं: 'तुमची नियमावली वाचली. तीत शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत. दुरुस्त करून सोबत जोडली आहे.'

जाताना दीपमालाने मला विचारलं, "मॅडम, फॉर्म सापडला?" गटातली मुलं तिच्याशी धड बोलत नाहीत म्हणे. तिने वेळेत दिला नाही, असं सगळे धरून चाललेत. आता तिलाही तसंच वाटायला लागलंय.

मी म्हटलं, शोधतेय.

सात चुका तपासल्या. सातही बरोबर आहेत.

७ ऑक्टोबर

स्टोअररूममध्ये एक जुना बॅकअप संगणक आहे. माझ्याआधीचे केंद्रप्रमुख कोंडाजी आहिरे त्यावर दर महिन्याला सगळ्या खात्यांची प्रत काढून ठेवायचे. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले, आणि पासवर्ड न सांगताच गेले. मीही विचारला नाही, कारण विचारला असता तर दर महिन्याला प्रत काढावी लागली असती.

काल पंचवटीत त्यांच्या घरी गेले. रामकुंडाकडचा रस्ता कुंभाच्या कामासाठी खोदलेला. रिक्षावाल्याने भाजीबाजाराच्या अलीकडेच उतरवलं, पुढे मेथीच्या जुड्या ओलांडत चालत. आहिरे सर ओट्यावर पेपर वाचत होते.

"सर, बॅकअपचा पासवर्ड हवा होता."

"पासवर्ड कोणाला सांगायचा नसतो. तुला मीच शिकवलंय ना हे?"

"पण सर, आता ते मशीन माझ्याकडे आहे."

"मग उघड की."

"मुलांच्या फायली गेल्यात सर. परीक्षा आहे."

"प्राचार्यांच्या सहीचा अर्ज आण. शिक्क्यानिशी."

असले अडेलतट्टू लोक नियमाच्या आड लपून दुसऱ्याचा जीव कसा काढतात, हे मला काल प्रथमच कळलं. घरी येईपर्यंत चडफडत होते.

आज अर्ज घेऊन परत. सही, शिक्का, जावक क्रमांक. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, एक वेलांटी दुरुस्त केली आणि आत एक नजर टाकून हळूच म्हणाले, "चांगुणा. मराठीतून, पुढे-मागे काही नाही."

आतून त्यांच्या बायकोने विचारलं, "मला हाक मारली का हो?"

"नाही, नाही. चहाचं बघ."

निघताना मला म्हणाले, "हसू नकोस. विसरण्यासारखा नाही, म्हणून ठेवला." मी हसत नव्हते.

८ ऑक्टोबर

बॅकअप उघडला. सहाशे बारापैकी चारशे एकतीस फायली मिळाल्या. पुढच्या एकशे एक्क्याऐंशी आहिरे सर गेल्यानंतरच्या, म्हणजे माझ्या कारकिर्दीतल्या. त्या नाहीत. सुमनबाईंचा जून महिना सगळा त्यातच होता.

ज्ञानेशला सांगितलं. तो म्हणाला, "चारशे एकतीस लय झाल्या मॅडम." मग विचारलं, "तिसऱ्या वर्षाची पुस्तकं कोणत्यात होती?"

त्या एकशे एक्क्याऐंशीत.

१० ऑक्टोबर

वाचणाऱ्यांनी पुस्तकं वाटून घेतली. परीक्षेआधी निदान तिसऱ्या वर्षाच्या पेपरांचं तरी पुन्हा रेकॉर्डिंग व्हायला हवं. लॅबचा आवाजबंद कोपरा वापरू द्या, म्हणून आले. दिला. एक प्रकरण कोणाच्या वाट्याला जात नव्हतं, 'बेरोजगारीचे प्रकार आणि कारणे'. मी म्हटलं, मी वाचते. मुलं इतकी दचकली की मलाच अपमान वाटला.

दुपारी प्राचार्यांनी बोलावलं. जानेवारीत मूल्यांकन समिती येणार आहे. आमची नियमावली ते 'उत्कृष्ट उपक्रम' म्हणून समितीपुढे ठेवणार. "छायाताई, एक छान अहवाल करा. काय फायदा झाला, किती खाती शिस्तीत आली. फोटो टाका."

पर्समधला फॉर्म अजून पर्समध्येच आहे. पाण्याच्या बाटलीने एक कोपरा ओला झाला होता, वाळवला.

१३ ऑक्टोबर

माझं प्रकरण रेकॉर्ड केलं. चाळीस मिनिटं. ज्ञानेशने पूर्ण ऐकलं आणि इअरफोन काढले.

"काय झालं? नीट नाही का?"

"नीट हाय मॅडम. पण तुम्ही टोमणा मारल्यासारखं वाचता. 'सुशिक्षित बेरोजगारी' ऐकताना मला वाटलं मलाच बोलताय."

दीपमाला खुदकन हसली. पहिल्यांदाच, एक तारखेनंतर. तेवढ्यात गटातला सनी नावाचा मुलगा म्हणाला, "हसतेस काय? तू फॉर्म वेळेवर दिला असतास तर ही वेळच आली नसती." तिचं हसणं जागीच थांबलं. ती म्हणाली, "हो. माझंच चुकलं."

मी पर्स उघडली. का ते सांगता येणार नाही. फॉर्म टेबलावर ठेवला आणि सनीला म्हटलं, तारीख वाच. मोठ्याने वाच, ज्ञानेशला ऐकू जाऊ दे.

"मिळाला, बावीस सप्टेंबर," सनीने वाचलं.

"हा माझ्या ड्रॉवरमध्ये होता. तिने तीस तारखेच्या आत दिला होता. मी बघितला नाही. एक तारखेपासून मला माहीत आहे."

मुलं ओरडतील असं वाटलं होतं. ओरडली असती तर मला कलमं तरी सांगता आली असती. दीपमालाने फॉर्म उचलला, शिक्क्याकडे पाहत राहिली, आणि म्हणाली, "मी दोन आठवडे विचार करत होते की मला वेड लागलंय का." मग फॉर्म घेऊन निघून गेली.

ज्ञानेश म्हणाला, "मॅडम, पान एकशे चौदापासून परत वाचा. तिथं गाडी लय पळाली."

वाचलं.

२४ ऑक्टोबर

दिवाळी झाली. तीन दिवस लॅब उघडी ठेवली, कारण घरी रंगाचा वास येतो. फिकट अबोली खरोखरच गुलाबी निघाला.

तीन पुस्तकं पूर्ण झाली. दीपमाला येते, वाचते, जाते. माझ्याशी कामापुरतं बोलते. मी तिच्यासाठी चहा सांगितला तर तिने सनीला दिला.

६ नोव्हेंबर

आज ज्ञानेशचा अर्थशास्त्राचा पेपर. तो सांगतो आणि लेखनिक लिहितो. बाहेर आला तो थेट केंद्रात.

"मॅडम, तिसरा प्रश्न तुमचाच होता. बेरोजगारी."

"आठवलं का?"

"आठवणार नाय तर काय! तुमचा आवाज कानात होता. मी पण तसंच सांगत गेलो. लेखनिक मधेच थांबून म्हणाला, दादा, माझ्यावर का चिडतोस?"

मग म्हणाला, "दुसऱ्या प्रश्नाला अडलो. ते सुमनबाईंचं प्रकरण होतं. कोणीतरी परत वाचलंय, चांगलं वाचलंय, पण त्या जिथं थांबायच्या तिथंच मला उत्तर आठवायचं. आता कुठं थांबायचं तेच समजेना."

तो हे तक्रार म्हणून बोलला नाही. तक्रार असती तर बरं झालं असतं.

११ नोव्हेंबर

अहवाल दिला. दीड पान, फोटो नाही. नियमावलीमुळे नऊ खाती बंद झाली, श्रवण गटाने ३० सप्टेंबरच्या आत फॉर्म देऊनही केंद्रप्रमुखांच्या हलगर्जीपणामुळे सहाशे बारा फायली नष्ट झाल्या, त्यातल्या एकशे एक्क्याऐंशी परत मिळाल्या नाहीत. खाली सही. सोबत नवी नियमावली: गटातल्या प्रत्येकाला आपापलं लॉगिन, फायली सगळ्यांच्या, चित्रातली अक्षरं रद्द, आणि माणसाला समोर बसवून विचारल्याशिवाय काहीही नष्ट करायचं नाही. सगळ्यांना वेगळं लॉगिन देणं किती अवघड असेल, म्हणून ऑगस्टमध्ये मी त्या वाटेला गेले नव्हते. अर्ध्या दिवसाचं काम निघालं.

प्राचार्य म्हणाले, "छायाताई, 'हलगर्जीपणा' हा शब्द काढता येईल का? 'तांत्रिक अडचण' म्हणू."

मी म्हटलं, काढता येणार नाही, शुद्धलेखन तपासून घेतलंय.

उत्कृष्ट उपक्रम म्हणून आता रोपवाटिका दाखवणार आहेत. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. उत्तर सात दिवसांत. मला तारखा कळतात.

१६ नोव्हेंबर

रविवार. देवळाली कॅम्पची बस पकडली. सुमनबाईंकडे माफी मागायची असं ठरवून गेले नव्हते. दुरुस्त केलेली नियमावली दाखवायची होती, एवढंच. दार त्यांनीच उघडलं. नियमावली वाचली, एक अनुस्वार घातला. मग वहीवर लिहिलं: 'मुलांनी तुझं रेकॉर्डिंग ऐकवलं. तू फार वाईट वाचतेस.'

मी म्हटलं, "माहीत आहे. बाई, त्या एकशे एक्क्याऐंशीत तुमच्या किती होत्या?"

'एकशे चाळीस,' त्यांनी लिहिलं. मग आत गेल्या आणि इतिहासाचं पुस्तक घेऊन आल्या. पानोपानी पेन्सिलच्या बारीक खुणा. जिथे श्वास घ्यायचा तिथे एक रेघ, जिथे थांबायचं तिथे दोन. जूनमध्ये वाचण्याआधी त्यांनी सगळी पुस्तकं अशी आखून घेतली होती. पाचही कपाटात आहेत.

मला त्यांनी खुर्ची दाखवली, आणि समोर टेबलापाशी लाकडी पट्टी घेऊन बसल्या. मी फोन चालू केला आणि प्रकरण पहिलं वाचायला लागले. दुसऱ्याच ओळीत पट्टी वाजली. दोन रेघा होत्या, मी थांबले नव्हते.

परत पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.